रेवतीच्या गावी

द्वारकेला जाणाऱ्या माणसांची कारणे सहसा सरळ असतात. कोणी नवस फेडायला जातो, कोणी म्हाताऱ्या आईवडिलांना चार धामांपैकी एक धाम घडवायला जातो. आम्ही उभयता गेलो ते एका मिसळणाच्या डब्यावरून. वाचक हसतील, पण गोष्ट खरी आहे.

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आमचा मुलगा सातवीत होता. ही त्यांची एकुलती एक. 'महिन्याभरात येते' म्हणून मिरजेला गेली आणि तीन वर्षे आठ महिन्यांनी परत आली. मध्ये दिवाळीला दोन दिवस यायची, तीही घड्याळाकडे बघत. रोज रात्री आम्ही फोनवर बोलत असू. पण ते बोलणे औषधांचे आणि फीचे. गेल्या वर्षी आषाढात सासूबाई गेल्या, दिवसवार झाले आणि ही ठाण्याला घरी आली. तोवर चिरंजीव अकरावीत जाऊन मिसरूड बाळगू लागले होते, दूधवाला बदलला होता आणि ओट्याच्या उजव्या हाताचा मिसळणाचा डबा आम्ही बापलेकांनी आमच्या सोयीने वरच्या फळीवर नेला होता.

हिचा हात रोज उजवीकडे जाई आणि रिकामा परत येई. एके दिवशी फोडणी करपली. करपल्या मोहरीच्या धुरात उभी राहून ही अगदी शांतपणे म्हणाली, "मी मिरजेलाच जाऊन राहिले तर? तिथं अंधारातसुद्धा माझा हात बरोबर जातो."

रागाने बोलली असती तर समजूत घालता आली असती. मराठीच्या प्राध्यापकाला अशा वेळी दोनच उपाय सुचतात, व्याख्यान किंवा प्रवास. व्याख्याने सहा महिने देऊन झाली होती. पौषात मुलाला आत्याकडे ठेवले आणि सौराष्ट्र मेलची दोन तिकिटे काढली.

मुंबई सेंट्रलहून रात्री गाडी सुटते. सकाळी उठावे तो काठेवाडची सपाट जमीन खिडकीत आलेली असते. राजकोट मागे पडले, जामनगर गेले. खंभाळियाच्या पुढे वेड्या बाभळी, पवनचक्क्या आणि मधूनच एखादे मोराचे कुटुंब. तेवढ्या वेळात आमच्यात झालेले संभाषण एका पोस्टकार्डावर मावले असते.

द्वारकेचे जगत्मंदिर दुरूनच दिसते ते त्याच्या पाचमजली उंचीमुळे आणि बावन्न गजी ध्वजामुळे. हा ध्वज दिवसातून अनेकदा बदलतात. ध्वज वाहणारे कुटुंब तो डोक्यावर घेऊन, वाजतगाजत येते. दर्शन घेऊन आम्ही मागच्या दाराने छप्पन पायऱ्या उतरून गोमतीच्या घाटावर आलो. इथे गोमती समुद्राला मिळते. भरती असली म्हणजे नदी कोणती आणि समुद्र कोणता, हे सांगणे कठीण. पुढ्यात पाणी आणि मागे देवळाची घंटा अशा ठिकाणी, वाचकहो, माणसाला काही तरी सांगावेसे वाटते. मी हिला रेवतीची गोष्ट सांगितली.

ती भागवतात आहे आणि विष्णुपुराणातही आहे. कृष्णाच्या कितीतरी आधी या ठिकाणी कुशस्थली नावाची नगरी होती. तिचा राजा ककुद्मी. मुलगी रेवती हिच्यासाठी वर कोणता निवडावा, हे विचारायला तो तिला घेऊन थेट ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गंधर्वांचे गाणे चालले होते. राजा अदबीने थांबला. गाणे संपल्यावर त्याने मनातल्या वरांची नावे काढली, तेव्हा ब्रह्मदेव हसला. म्हणाला, 'राजा, तू थांबलास तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. ती माणसे नाहीत, त्यांचे नातू-पणतूही नाहीत.' एक चतुर्युग त्रेचाळीस लाख वीस हजार वर्षांचे धरले तर हा उशीर ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षांचा होतो. बापलेक परत आली तेव्हा माणसे ठेंगणी आणि दुबळी झाली होती. ब्रह्मदेवाने सांगितले होते त्याप्रमाणे राजाने रेवती बलरामाला दिली आणि तो तपाला निघून गेला. ती जुन्या युगातली, फारच उंच. तेव्हा बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्या काळाच्या मापाची केली आणि मग लग्न केले.

वर्गात मी ही गोष्ट दर वर्षी सांगतो. नांगरापाशी मुले हमखास हसतात. ही हसली नाही. बराच वेळ पाण्याकडे बघत होती.

"गाणं चाललं होतं तेव्हा रेवतीला कुणी विचारलं का, तुला घरी जायचंय का म्हणून?"

"पुराणात तसं काही नाही," मी म्हणालो.

"आणि तिथं गाणं तरी होतं. माझ्याकडे दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, एवढंच. सगळे दिवस सारखे असले ना, की मोजता येत नाहीत हो. मला अजून वाटतं, मी महिनाभरच गेले होते." थोडे थांबून म्हणाली, "मग आता मीच ठेंगणी व्हायचं का?"

मला उत्तर सुचले नाही. पण एक गोष्ट लख्ख दिसली. ही परत आल्यापासून मी आणि मुलगा दिवसभर तेच तर करत होतो. 'आई, आता तसं नसतं.' 'अगं, तो दूधवाला केव्हाच बंद केला.' 'ते पाकीट आता मिळत नाही.' हसतहसत, मायेने. पण प्रत्येक वेळी नांगराचे टोक लागत होते.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणीच्या देवळात गेलो. ते गावाबाहेर, सुमारे दोन किलोमीटरवर, उघड्या माळावर एकटेच उभे आहे. पुजारी गोष्ट सांगतो. दुर्वासांना रथात बसवून कृष्ण-रुक्मिणी स्वतः रथ ओढत होती. रुक्मिणीला तहान लागली. कृष्णाने पायाच्या अंगठ्याने जमिनीतून गंगा काढली आणि रुक्मिणी पाहुण्यांना न विचारता पाणी प्याली. ऋषींनी शाप दिला, बारा वर्षे पतीपासून दूर राहशील. म्हणून तिचे देऊळ वेगळे आणि म्हणून इथे पाण्याचे दान. हिने जलदानाचे पैसे दिले आणि बाहेर येऊन म्हणाली, "हिला निदान शाप कुणी दिला ते तरी ठाऊक होतं."

या गावाखाली गावे आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६३ साली देवळाजवळ खणून पाहिले, तेव्हा एकाखाली एक वस्त्यांचे थर लागले. पुढे १९८० नंतरच्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे डॉ. एस. आर. राव आणि त्यांचे सहकारी समुद्रात उतरले. द्वारका आणि बेट द्वारका या दोन्ही ठिकाणी पाण्याखाली त्यांना बांधकामाचे दगड दिसले आणि जहाजांचे दगडी नांगर सापडले, कित्येक तर तीन भोकांचे. या अवशेषांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. पण इथे गलबते येत होती, थांबत होती, एवढे ते दगड निर्विवाद सांगतात.

बेट द्वारकेला आता ओख्याहून होडीने जावे लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू खुला झाला. पुलावरून जाताना मी हिला त्या दगडी नांगरांविषयी सांगत होतो. ती एकदम म्हणाली, "म्हणजे इथंही नांगरच!"

पंचवीस वर्षे मराठी वाचली-शिकवली, पण हे मला सुचले नव्हते. शेतातला नांगर संस्कृत लांगलापासून आला, गलबताचा नांगर फारसी लंगरापासून. एक जमीन फाडतो, दुसरा वाहून जाऊ देत नाही. दोन मुलखांतून आलेले हे दोन शब्द मराठीत आले आणि एका मापाचे झाले. कोणी कोणाला ओढले, कोण किती झिजला, याचा हिशेब भाषेने ठेवला नाही. मी हे सांगितले तेव्हा ही म्हणाली, "झालं, लेक्चर सुरू!" पण सहा महिन्यांत पहिल्यांदाच हसली.

पोरबंदरवरून आम्ही जुनागढला उतरलो. गिरनारचे जुने नाव रैवतक. डोंगरावर जायला दहा हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत आणि २०२० पासून रोपवेही आहे. आम्ही मात्र पायथ्याशीच रमलो. डोंगराच्या वाटेवर एक प्रचंड खडक आहे; त्यावर आता छप्पर घातले आहे. एकाच खडकावर तीन काळ कोरलेले. अशोकाच्या धर्माज्ञा, इ. स. १५० चा रुद्रदामनाचा संस्कृत लेख आणि पाचव्या शतकातला स्कंदगुप्ताचा. दोन लेखांत एकाच तलावाची हकीकत आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्याने सुदर्शन तलाव बांधला. वादळी पावसात बांध फुटला, रुद्रदामनाने दुरुस्त केला. तीनशे वर्षांनी पुन्हा फुटला, स्कंदगुप्ताच्या वेळी पुन्हा बांधला. आज तलाव नाही. फुटल्याची आणि बांधल्याची नोंद तेवढी आहे.

खडकाच्या पुढे दामोदर कुंड लागते. नरसी मेहता इथे स्नानाला येत असत. त्याच्या शेजारीच रेवती कुंड. द्वारकेच्या घाटावर रेवतीचे नाव कोणी काढले नव्हते. इथे पाण्याला तिचे नाव आहे. माकडे सोडली तर गर्दी नव्हती. पायरीवर बसून मी एकच वाक्य म्हणालो, "मिरजेचं सांग."

"काय सांगू? सगळं फोनवर सांगत होतेच की."

"फोनवर नाही सांगितलंस ते."

ती दोन तास बोलली. शेवटच्या वर्षी सासूबाई लेकीलाच 'आई' म्हणून हाक मारू लागल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हते. आधी ही 'मी तुझी मुलगी' असे सांगायची. मग सांगणे सोडून दिले आणि आई होऊन राहिली. रात्री झोप येईना तेव्हा ही खिडकीत बसून आमच्या घरातल्या फळ्यांवरच्या वस्तू क्रमाने आठवायची. डावीकडून उजवीकडे. डबा तिने मनात कितीदा तरी जागेवर ठेवला होता.

"माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला तुमचा फोन आला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, आठवण राहिली. तुम्हाला गॅसचा ग्राहक क्रमांक हवा होता."

मला तो फोन आठवत नव्हता. क्रमांक मिळाला होता एवढे आठवत होते. मी क्षमा मागितली नाही. तो शब्द त्या पाण्याशेजारी फार तोकडा वाटला. ऊन उतरेपर्यंत नुसता ऐकत बसलो. सत्तावीस चतुर्युगे भरून काढायला दोन तास म्हणजे काहीच नव्हे. पण बलरामाने तेवढे तरी करायला हवे होते, असे मला आता वाटते. नांगर उचलण्यापूर्वी विचारायला हवे होते, 'तुझ्या गावी काय होतं?'

सौराष्ट्राला जाणाऱ्यांनी द्वारकेसाठी दोन दिवस आणि जुनागढसाठी दोन दिवस ठेवावेत. हिवाळ्यात जावे. रेवती कुंडापाशी मात्र घड्याळ बघू नये.

घरी आल्यावर मी मिसळणाचा डबा काढून जुन्या जागी ठेवायला निघालो, तर हिने थांबवले. "तिथं नको. तिथं आता त्याची कोपराची धडक बसते. उंच झालाय तो." डबा हिने खिडकीखालच्या फळीवर ठेवला. तिथे तो पूर्वी कधीच नव्हता. आता आम्ही तिघेही चाचपडतो. कोणाचाच हात पहिल्या खेपेला बरोबर जात नाही.

मिरजेच्या घराची किल्ली अजून हिच्या पर्समध्ये आहे. दोन महिन्यांतून एकदा ही चार दिवस तिथे जाते, घर उघडते, झाडलोट करते आणि येते. मी स्टेशनवर न्यायला जातो. येताना रिक्षात, या चार दिवसांत घरात काय हलले, ते मी आधी सांगत नाही. आधी मिरजेचे विचारतो.