दादाची कॅसेट

दादाने 'क्वीन' बँडची 'हॉट स्पेस' कॅसेट माझ्या हवाली केली तेव्हा तिच्या दुसऱ्या बाजूचा आवाज घासून मंद झाला होता. पहिली बाजू मात्र कोरी करकरीत. दुसरी संपली की तो पेन्सिल घालून फीत उलटी फिरवायचा आणि पुन्हा दुसरीच लावायचा. पहिल्या बाजूला तो 'बाटलेली बाजू' म्हणायचा.

राग गिटारसाठी होता. बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांसोबत जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून घडवलेली ती गिटार म्हणजे दादाचं दैवत. सत्तरच्या दशकात हा बँड आपल्या रेकॉर्डवर 'सिंथेसायझर नाही' असं अभिमानाने छापत असे. आणि 1982 च्या या अल्बमच्या पहिल्या बाजूवर सिंथेसायझर आणि ड्रम मशीन ऐसपैस बसलेले. 'बॉडी लँग्वेज'मध्ये तर गिटार जवळजवळ नाहीच.

हे आकाशातून पडलं नव्हतं. 1980 मध्ये जॉन डीकनच्या बेसवर चालणाऱ्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'ने अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला होता. म्युनिकमध्ये दिवसा स्टुडिओ आणि रात्री क्लब, असे दिवस होते. त्या रात्रींचा डिस्को गाण्यांत उतरला. पण त्याच अमेरिकेत 1979 च्या जुलैत, शिकागोच्या बेसबॉल मैदानावर, डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवला गेला होता. वारं फिरलं होतं. 1982 नंतर गायक फ्रेडी मर्क्युरीसह 'क्वीन'चा अमेरिका दौरा पुन्हा झालाच नाही.

दादाच्या 'बाटण्या'बद्दल मला पहिली शंका आली ती पाचगणीत. टेबललँडवर धुकं उतरत होतं. याच गावातल्या सेंट पीटर्स शाळेत फारूख बल्सारा नावाचा पारशी मुलगा वसतिगृहात राहत होता. झांझिबारहून आलेला. मित्रांसोबत 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढून तो पियानोवर तेव्हाची नाचरी इंग्रजी गाणी बडवायचा. पुढे तोच फ्रेडी मर्क्युरी झाला. म्हणजे पाय आधी थिरकले होते, ती गिटार नंतर आली. दादा ज्याला वाट चुकणं म्हणत होता, ते फ्रेडीपुरतं तरी माहेरी जाणं असेल.

पण माहेर एकाचं, संसार चौघांचा. पहिल्या बाजूवरच्या 'बॅक चॅट'मध्ये गिटारला जागा मिळावी म्हणून मे आणि डीकन यांचा खटका उडाला होता. ते ठाऊक झाल्यापासून त्या गाण्यात गिटार घुसते तेव्हा मला दार ढकलून कुणी आत आल्यासारखं वाटतं. ही बाजू मला आवडते ती त्या धक्क्यासाठी. नाच तिथे दोष नाहीच. अवघडलेपण आहे ते चौघांचे पाय एका ठेक्यावर न पडल्याचं.

यंदा दिवाळीत दादा आला. मी मुद्दाम पहिली बाजू लावली. त्याने चहा संपेपर्यंत निमूट ऐकली. बोट खुर्चीच्या हातावर एकदा ठेका धरू लागलं, तर त्याने ते आवरलं. मग उठून, मला न विचारता, कॅसेट उलटली. त्याचं लाडकं पहिलं गाणं सुरू झालं.

"आवाज बसलाय रे हिचा," तो म्हणाला.

"तूच वाजवून वाजवून," मी म्हटलं.