थेंब कोण घालणार?

मोतीबिंदूचं ऑपरेशन पनवेलला करून आले, असं इथे लंडनमध्ये सांगितलं की समोरचा हटकून विचारतो, "पनवेलला? का बरं?" मुंबईला म्हटलं असतं तर कुणी भुवईसुद्धा उचलली नसती.

डोळ्यांच्या बाबतीत पनवेल आडगाव नाही. जुन्या पनवेलमध्ये डॉ. सुहास हळदीपूरकरांचं लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, नवीन पनवेलला शंकरा आय हॉस्पिटल. आणि तुलनाच करायची, तर नदीपासून करू. थेम्सच्या काठावर, सेंट थॉमस हॉस्पिटलात, २९ नोव्हेंबर १९४९ला हॅरल्ड रिडलींनी माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवलं. महायुद्धात लढाऊ विमानांच्या पर्स्पेक्सच्या छताच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसल्या होत्या. त्या तिथेच राहिल्या तरी डोळा कुरकुरत नाही, हे रिडलींनी हेरलं. त्यांच्याच बिरादरीतल्या बड्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं नाकं मुरडली. 'सर' किताब मिळाला तो २००० साली, वयाच्या ९३व्या वर्षी! पनवेलच्या गाढी नदीच्या नावावर असलं काही नाही. माथेरानच्या डोंगरातून येते, पावसाळ्यात दांडगाई करते, उन्हाळ्यात अंग चोरते आणि खाडीला मिळते. तिच्या काठी ना पुतळे, ना बाकं. तरी थेम्सकाठची ती युक्ती माझ्या डोळ्यात उतरली गाढीकाठी, आणि मला दोन्ही नद्या सारख्याच. (गाढी थोडी जास्त.)

पण खरं कारण नदी नव्हे, थेंब. ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. थेंब दीड महिना चालतात. इथे ऑपरेशनला दमडी पडत नाही, त्याचं मला कौतुकच आहे. पण घरी सोडल्यावर एकट्या बाईच्या डोळ्यात थेंब कोण घालणार? स्वतः घालायला गेलं की पहिला गालावर, दुसरा कानात.

पनवेलला वहिनी होती. तिने तक्ता फ्रिजवर चिकटवला: पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, पुढे दर आठवड्याला एकेक कमी. हात साबणाने धुवायचे. बाटली हलवायची, पण तिचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. खालची पापणी ओढून त्या खळग्यात एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरून तोंड कडू होतं. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं. लगेच दुसरं घातलं तर पहिलं वाहून जातं. डोक्यावरून आंघोळ नाही, रात्री डोळ्यावर प्लास्टिकची वाटी. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी हे कापून ठेवावं, आणि तारीख घेण्याआधी वहिनी शोधावी.

त्यातच वालाच्या शेंगांचा मोसम. रविवारी शेतावर पोपटी लागली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, मीठ. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं करून भोवती जाळ. वहिनीने मला धुरापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची टाकून दिली. तिथून मी एकेक डोळा झाकून बघत बसले. जुन्या डोळ्याला आभाळ फिकट चहासारखं दिसायचं, नव्याला निळं. मोतीबिंदूचं पिवळं पडलेलं भिंग निळा रंग अडवतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. इतका निळा रंग आपलं येणं होतं, हे कुठं ठाऊक होतं? परतताना गोवा रस्त्यावरून कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसला, कडेच्या खाचांसकट. मी भाच्याला गाडी थांबवायला लावली. त्याला वाटलं, डोळा दुखतोय.

इथे आल्यावर शनिवारी बसथांब्यावर उभी राहते आणि बस वळणावर असतानाच तिचा नंबर मोठ्याने वाचते. लोक बघतात. बघोत.

दुसरा डोळा बाकी आहे. इथल्या मैत्रिणी म्हणतात, आता हा तरी इथेच कर, थेंब घालायला आम्ही पाळीपाळीने येऊ. बोलावणं मनापासून आहे. पण वहिनीने कळवलंय, वाल फुलावर आला की फोन करते, मग तिकीट काढ.