आमचे आडनाव कागदी

ईदनंतरच्या रविवारी आम्ही सारे जुन्नरला गेलो. धाकट्याचे नाव शाळेत घालायचे होते आणि आडनाव 'शेख' लावायचे की 'कागदी', यावर घरात महिनाभर वाद चालला होता. अब्बांनी नोकरीला लागताना 'शेख' लावले. "कागदी म्हटले की लोक विचारतात, रद्दीचा धंदा का?" असे ते म्हणत.

शिवनेरीच्या पायथ्याच्या या गावाचा घोटीव जुन्नरी कागद पेशवाईत नावाजलेला होता. तो बनवणारे आपलेच कागदी. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्येही त्यांची नोंद आहे. आम्हाला हे ऐकून माहीत होते, पण कागद कसा होतो ते ठाऊक नव्हते.

ते सांगितले अब्बांच्या चुलत फुफींनी. त्यांनीही ते आपल्या दादीकडून ऐकलेले. ताग, जुनी पोती भिजवून कुटायची. लगदा नदीवर धुवायचा. हौदात कालवून काड्यांच्या जाळीवर एकेक ताव उचलायचा, भिंतीला चिकटवून वाळवायचा. मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. "न घोटलेल्या कागदावर शाई फुटते, बेटा," फुफी म्हणाल्या. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हौद कोरडे पडले.

फुफींनी फडताळातून तो दगड काढला. एक बाजू आरशासारखी झालेली. चटणी वाटायलाही त्यांनी तो कधी घेतला नव्हता. अब्बांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

परतताना हापूसबागेतला सौदागर घुमट पाहिला. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे आहेत, असे थोरलीने वाचून दाखवले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांना आपल्या हुनराची लाज नव्हती, हे आम्ही कोणी बोललो नाही. पण सगळ्यांच्या मनात तेच होते.

सोमवारी शाळेचा फॉर्म अब्बांनीच भरला. आडनावाच्या रकान्याशी पेन क्षणभर थांबले. मग त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले, 'कागदी'.

आता कोणी रद्दीचे विचारले, तर धाकट्याला उत्तर पाठ आहे. जाळीवरच्या तावापासून दगडापर्यंत सगळे तो सांगतो. ऐकणाऱ्यालाच घाई होते.