वारूळ फोडण्याआधी



धान निघालं की ट्रॅक्टर, जेसीबी फिरायला लागतात. बांधी मोठी करताना धुऱ्यावरचं वारूळ आधी जातं. नाही गेलं तर त्यात क्लोरोपायरीफॉस ओततात. आमच्या धुऱ्यावर दोन मोठी वारुळं आहेत. मुलगा म्हणतो, "बाबा, ट्रॅक्टर वळत नाही, काढून टाकू." त्याची अडचण खरी आहे. तरी मी नाही म्हटलं. का, ते लिहितो.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसंच आहे. वारूळ बांधते वाळवी, म्हणजे उधई. आपल्याकडची वारूळ बांधणारी वाळवी चक्क शेती करते. वाळलेला पाला, काडी, लाकूड खाऊन ती आत आणते आणि त्यावर बुरशी वाढवते. फुटलेल्या वारुळात पोळ्यासारखे भुरकट गोळे दिसतात, त्यावर मोहरीएवढे पांढरे दाणे. ते तिचं शेत. लाकडाचा कडक भाग बुरशी मऊ करते, मग वाळवी तो खाते. माणसाच्या शेतीला १०-१२ हजार वर्षं झाली, वाळवीच्या शेतीला सुमारे ३ कोटी!

पावसाळ्यात आपण सात्या खातो, त्या याच बुरशीच्या. धिंगरीसारख्या त्या घरी तणसावर पिकवता येत नाहीत. वारूळ जिवंत असेल तरच सात्या. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद पडतो, त्याच दिवसांत ही भाजी धुऱ्यावर मिळते. मात्र जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय रानातली कोणतीही छत्री खाऊ नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. वाळवीच्या भुयारांतून पाणी खोल मुरतं. आफ्रिकेत बुर्किना फासो देशात यकुबा सावादोगो नावाच्या शेतकऱ्याने याचाच उपयोग केला. दगडासारख्या कडक जमिनीत छोटे खड्डे करून शेणखत टाकायचं. खतासाठी वाळवी येते, माती पोखरते, पाऊस मुरतो. अशा पडीक माळावर ज्वारी-बाजरी उभी राहिली.

वाळवी नुकसान करत नाही असं नाही. धुऱ्यावरच्या तुरीला, आंब्याच्या नव्या कलमाला लागते. पाणी भरलेल्या बांधीत धानाला तिचा धोका कमी. पण तिला आधी वाळलेलं हवं असतं. पाला, तणीस, धसकटं सगळं जाळलं तर तिच्यासाठी उभं पीकच उरतं.

म्हणून अर्धकच्चं शेणखत टाकू नका, त्याने वाळवी येते. पूर्ण कुजलेलंच टाका. पाला-काडी जाळू नका, पण कलमाच्या खोडाला टेकूनही ठेवू नका. औषध द्यायचंच झालं तर लागलेल्या झाडापुरतं द्या, वारुळात ओतू नका.

आणि वारूळ फोडायचं ठरवलंच असेल, तर एक पावसाळा थांबून तिथे सात्या निघतात का तेवढं बघा.