विचारावयाचें राहून गेलें

गेल्या चातुर्मासांत आमच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, आणि महिनाभर वाचन अजिबात बंद झालें. तेव्हां दिवेलागणीनंतर आम्हांस वाचून दाखविण्याचें आमच्या कुटुंबानें पत्करलें. ग्रंथाची निवड अर्थात् तिची. तिनें लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ काढलीं. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकांतील उतारे आम्हीं वर्गांत कित्येकदां शिकविले आहेत. परंतु बायकोच्या तोंडून तें ऐकण्याचा प्रसंग पहिलाच.

हकीकत वाचकांस ठाऊकच आहे. १८८० सालीं लग्न झालें तेव्हां लक्ष्मीबाई अकरा वर्षांच्या. नारायण वामन टिळकांनीं त्यांस लिहावयास-वाचावयास शिकविलें. आणि त्याच टिळकांनीं १८९५ च्या फेब्रुवारींत पत्नीच्या संमतीवांचून मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढें जवळ जवळ पांच वर्षें ताटातूट! १९०० मध्यें बाईंनीं बाप्तिस्मा घेतला तो मात्र स्वतःच्या विचारानें.

पौलाच्या इफिसकरांस पत्रांत पत्नीनें पतीच्या अधीन असावें असें आहे. पण पतीनें तिच्यासाठीं स्वतःस वाहून घ्यावें, इतकी प्रीति करावी, असेंही लागलेंच सांगितलें आहे. आणि बापांनीं मुलांस चिडीस आणूं नये, हेंही तेथेंच. आमच्या सप्तपदींत सातव्या पावलास वधू सखी होते. सखीस न विचारतां घरदार हलवावें असें कोठल्या सूत्रांत आहे, हें आम्हांस अद्याप आढळलें नाहीं.

या संबंधांत एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या शाळेंत एक ख्रिस्ती सहशिक्षक होते, नगरकडचे. त्यांच्या घरीं रात्रीं जेवणापूर्वीं सर्व मंडळी प्रार्थनेस बसत. कधीं बाई प्रार्थना सांगत, कधीं धाकटी मुलगी. एके दिवशीं आम्ही त्यांच्याकडे पाहुणे होतों. दुपारीं त्यांनीं मुलास रागाच्या भरांत मारलें होतें, आणि अपराध मुलाचा नव्हता असें मागाहून ठरलें. रात्रीं प्रार्थनेंत त्यांनीं सर्वांदेखत त्या पोराची क्षमा मागितली. आम्ही तर थक्क झालों. बापानें अशी क्षमा मागितल्यावर शिस्त ती काय राहिली? घरीं येऊन आम्हीं या गोष्टीची यथेच्छ थट्टा केली. कुटुंब हंसलें नाहीं. (भाकऱ्या थापण्याचें काम तेथेंही बाईंकडेच होतें, हें सांगितलें पाहिजे.)

असो. टिळकांच्या धर्मांतराचें प्रकरण आलें त्या सायंकाळीं कुटुंबानें पुस्तक मिटलें, चष्मा काढला आणि म्हणाली, “टिळकांनीं विचारलें नाहीं. तुम्ही तरी कुठें विचारलेंत?”

“कशाबद्दल?”

“थोरलीच्या वेळीं.”

थोरली मॅट्रिकला उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाली होती. पुण्यास राहून पुढें शिकण्याची तिची फार इच्छा. आम्ही एका रविवारीं परगांवीं गेलों, स्थळ पाहिलें, शब्द देऊन आलों आणि मग घरीं सांगितलें. मुलगी आज सुखांत आहे, नातवंडें हुशार आहेत. हेंच उत्तर आम्ही इतकीं वर्षें स्वतःस देत आलों, व तेंच त्या सायंकाळीं दिलें.

“सुखांत आहे, तें खरेंच,” ती म्हणाली. “पण मला विचारलें असतेंत, तर मी नको म्हटलें असतें. म्हणून तर विचारलें नाहींत ना?”

नंतर तिनें चष्मा लावून पुढचीं दहा-बारा पानें वाचलीं. त्यांतील एक अक्षरही आमच्या कानांत शिरलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं थोरलीस पत्र लिहविलें. डोळ्यांस पट्टी, त्यामुळें लेखनिक कुटुंबच. ‘क्षमा’ हा शब्द उच्चारण्यास आम्हांस बराच वेळ लागला. जन्मभर मुलांकडून तो वदवून घेण्याचीच संवय! ती टांक धरून स्वस्थ बसून राहिली. आमचा मजकूर संपल्यावर तिनें खालीं दोन ओळी आपल्या घातल्या. त्या काय आहेत, हें आम्हीं विचारलें. तिनें सांगितलें नाहीं.

पत्र टपालांत पडून आज अकरा दिवस झाले. उत्तर यावयाचें आहे. पुस्तक राहुरीपर्यंत आलें आहे.