कागदपत्रं ओके आहेत!

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. युजरने जे टाइप केलंय त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. नाव, तारीख, रक्कम... सगळं ताडून बघायचं. म्युझियमं कोट्यवधींच्या मूर्ती विकत घेताना काय करतात?

श्रीपुरंतनचीच गोष्ट घ्या. तमिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यातलं गाव. तिथल्या शिवमंदिरातला चोळकालीन नटराज २००६ च्या सुमारास चोरीला गेला. देऊळ बंदच असायचं, त्यामुळे चोरी उघडकीस यायला २००८ उजाडलं. आणि त्याच २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने तो सुमारे ५० लाख डॉलर मोजून घेतलासुद्धा! विकणारा न्यूयॉर्कचा डीलर सुभाष कपूर. कागदपत्रं? एकदम ओके. मूर्ती भारताबाहेर गेली ती १९७२ च्या आधी, असं त्यात लिहिलेलं.

१९७२ च का? कारण त्या साली आपला पुरावशेष कायदा झाला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. युनेस्कोचा करारही १९७० चा. म्हणजे चोराला करायचं काय, तर फक्त एक जुनी तारीख बनवायची. आहे की नाही गंमत?

हा डाव फसला तो फोटोंमुळे. पुडुचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने देवळातल्या मूर्तींचे फोटो पूर्वीच काढून ठेवले होते. त्यात हाच नटराज! सप्टेंबर २०१४ मध्ये तो भारतात परत आला. कपूरला २०११ मध्ये जर्मनीत अटक झाली होती. पुढे तमिळनाडूतल्याच दुसऱ्या एका देवळातल्या चोरीसाठी २०२२ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

पण ज्या मूर्तीचा फोटोच नाही तिचं काय? ती आपलीच होती हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर, आणि हातात पुरावा शून्य. जमिनीतून उकरून काढलेल्या वस्तूची तर नोंद असण्याचाच प्रश्न नाही. कायदा कितीही कडक करा, मुळात डेटाच नसेल तर क्वेरी कशावर मारणार?

असो. लेक्चर पुरे. गावी जाल तेव्हा पुजाऱ्यांना विचारून देवळातल्या जुन्या मूर्तींचे चारही बाजूंनी फोटो काढा. उंची मोजा, तुटकाफुटका भाग असेल तर तोही टिपा, तारीख घाला आणि एक प्रत देवस्थानाकडे द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.