टिकल्यांचा तक्ता

साताऱ्यात माझ्या भावाच्या घरी फ्रिजच्या दारावर एक कागदी बाहुला चिकटवलेला आहे. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर भावाच्या मुलीने सात वर्षांची असताना काढलेला. गोल पोट, काडीसारखे हात, मांड्या मात्र चांगल्या जाड. त्याच्या पोटावर, दंडांवर, मांड्यांवर टिकल्या लावलेल्या आहेत: सकाळची लाल, दुपारची हिरवी, रात्रीची काळी. तिच्या धाकट्या भावाला आज सुई कुठे टोचली, ते या टिकल्यांवरून कळतं. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ धरते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. डॉक्टर हे आईबाबांना समजावत होत्या तेव्हा थोरली कोपऱ्यात बसून ऐकत होती. तक्ता करायला तिला कोणीही सांगितलं नव्हतं.

गोष्ट २०२३च्या एप्रिलमधली. धाकटा तीन वर्षांचा होता. तांबेच्या तांबे पाणी प्यायचा, रात्री उठूनही मागायचा. उन्हाळा आहे, पिणारच, असं सगळे म्हणाले. फोनवर मीही तेच म्हणाले. अंथरूण ओलं करायची सवय सुटून वर्ष झालं होतं, ती परत लागली. चड्ड्या कमरेतून घसरू लागल्या. एका दवाखान्यात लघवीच्या जंतुसंसर्गाचं औषध मिळालं. मोरीत त्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे पहिल्यांदा आमच्या आईच्या लक्षात आलं. मधुमेह या शब्दातच मध आहे. पण तीन वर्षांच्या पोराला तो शब्द लावावा, हे घरात कोणाच्या मनातही आलं नाही.

चार दिवसांनी उलट्या सुरू झाल्या. श्वास खोल आणि भरभर चालला होता, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. मोठ्या दवाखान्यात बोटातला थेंब तपासला तेव्हा यंत्रावर आकडा उमटलाच नाही, नुसतं ‘हाय’ आलं. साखर यंत्राच्या मापाबाहेर गेली होती. तीन रात्री अतिदक्षता विभागात काढाव्या लागल्या. तोच थेंब पहिल्या दवाखान्यात तपासला असता तर त्या रात्री बहुधा टळल्या असत्या. म्हणून भेटेल त्या आईबापाला मी सांगत असते: लेकराला सतत तहान लागते, लघवी वाढली आहे आणि वजन उतरतंय असं दिसलं, तर दुसऱ्या दिवसावर न टाकता साखर तपासून घ्या.

हा टाइप वन मधुमेह. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते आणि त्या नष्ट होत जातात. मग इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं, रोज आणि जन्मभर. दवाखान्याच्या पायरीवर बसून भावाने मोबाइलवर वाचलेली एक गोष्ट मला सांगितली होती. १९२२च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं वाचतच नसत. “ताई, शंभर वर्षांपूर्वी हा आपल्या हाती लागला नसता,” एवढं बोलून तो उठला आणि औषधांच्या दुकानाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर स्वयंपाकघराचा नूर पालटला. ओट्यावर सोनाराकडे असतो तसला छोटा वजनकाटा आला. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं, वाटीभर भातात किती, अर्ध्या केळ्यात किती, हे वहिनीला आता पाढ्यांसारखं पाठ आहे. टोचायच्या पेनातल्या इन्सुलिनचं एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. एवढ्याशा जिवाला त्यातलंही अर्धं युनिट कमीजास्त झालं तरी फरक पडतो. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक चाळीसच्या मापाचं मिळतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. शंभराच्या मापाची सिरिंज नारिंगी टोपणाची. पेन बिघडलं तर हाताशी असावी म्हणून घरात एक बाटली असते. मापांची गल्लत नको म्हणून तिच्याशेजारी नारिंगी टोपण दिसताच कामा नये, हा घरातला सगळ्यात कडक नियम आहे.

मोजमाप जमलं तरी तीन वर्षांचं पोर ते थोडंच जाणतं! इन्सुलिन टोचून झाल्यावर त्याने ताट ढकललं, तोंड घट्ट मिटून घेतलं, असं किती वेळा झालं. इन्सुलिन तर आत गेलेलं, परत काढता येत नाही. वहिनी घास घेऊन त्याच्या मागे पलंगाखाली शिरायची. पुढे डॉक्टरांनी तो किती खातो ते पाहून जेवणानंतर लगेच टोचायची मुभा दिली, तेव्हा जेवणं जरा सुखाची झाली. उकडीचा मोदकही तो खातो, फक्त मोजून. शेजारपाजारचे कारल्याचा रस सुचवतात, कुणी काढा आणून देतं, कुणी ‘इंजेक्शनं सोडवणाऱ्या’ वैद्याचा पत्ता. माया असते त्यात, पण या आजारात इन्सुलिन थांबलं तर थोड्या दिवसांत जिवावर बेततं. वहिनी काढा ठेवून घेते, चहा पाजते आणि माणूस गेल्यावर काढा मोरीत ओतते.

मी तिकडे राहायला असताना एका रात्री तीन वाजता धाकट्याची साखर ४८ आली. सत्तरच्या खाली गेली की धोका. घामाने तो चिंब भिजला होता, हाक मारली तर नुसतं कण्हत होता. भावाने साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं आणि घड्याळाकडे बघत बसला, कारण परत तपासायला पंधरा मिनिटं थांबावं लागतं. दारात थोरली उभी होती. ती कधी उठली, कोणालाच कळलं नव्हतं. आकडा ९२वर आला, धाकटा झोपला, आणि मी तिला कुशीत घेऊन माझ्या अंथरुणात आणलं. अंधारात ती म्हणाली, “आत्या, माझ्यामुळे झालंय. माझ्या वाढदिवसाला मी त्याला चोरून चार पेढे दिले होते.”

वाढदिवस मार्चमधला. रात्र जुलैची होती. चार महिने ही पोर ते ओझं एकटी वाहत होती. तक्ता करत होती, टिकल्या लावत होती, जेवताना स्वतःच्या ताटातलं गोड गुपचूप बाजूला काढत होती. आम्ही मोठी माणसं तिचं कौतुक करत होतो: किती समजूतदार! ते कौतुक आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या तपासणीला वहिनीने तिला मुद्दाम सोबत नेलं. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, धाकट्याला बाजूला ठेवून आधी तिच्याशी बोलल्या. पेढ्यांनी हा आजार होत नाही. शरीरातले शिपाई चुकून आपल्याच माणसांवर धावून गेले आणि ते पेढ्यांच्या कितीतरी आधीपासून चाललं होतं, असं त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. घरी येऊन तिने हट्ट धरला, माझीही साखर बघा. भावाने तिच्याही बोटाला सुई लावली. ८९ आले. वहीत तिच्या नावाचं वेगळं पान करून त्याने तो आकडा लिहिला, तेव्हा ती केवढी खुलली! तेव्हापासून रविवारची सकाळ तिची आणि तिच्या बाबांची. दोघं अजिंक्यतारा किल्ल्यावर चढून जातात. पहिल्या रविवारी निम्म्या वाटेत तिने विचारलं, “त्याची किती आली?” भावाने फोन खिशातून काढलाच नाही.

बालवाडीसाठी भाऊ दोन शाळांत जाऊन आला. एकीने जबाबदारी घेणार नाही म्हणून सांगितलं. दुसरीत जाताना त्याने कागद सोबत नेले: सीबीएसईने २०१७मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत खाऊ न्यायची दिलेली परवानगी, आणि अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधेच खाऊ द्या, असा २०२३चा उत्तर प्रदेश सरकारचा आदेश. दोन्ही आपल्या शाळेला लागू नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. तिथल्या बाईंनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, “साखर कमी झाली की तो कसा दिसतो?” भाऊ सांगू लागला, पण नेमकं सांगितलं सोबत गेलेल्या थोरलीनेच: ओठ पांढरे पडतात, आणि उगाच भांडतो.

आता तो पाच वर्षांचा आहे आणि अंक शिकतोय. परवा दुपारी मी तिथेच होते. यंत्रातला आकडा वहीत स्वतः लिहायचा म्हणून त्याने पेन्सिल मुठीत धरली. वहिनी कणीक मळत होती. तिने वाकून वहीत पाहिलं: ४०१. कणकेच्या हातांनीच ती इन्सुलिनच्या पेनासाठी फ्रिजकडे धावली.

“आई, थांब,” थोरली म्हणाली, “एकशे चार आहेत. त्याने उलटं लिहिलंय.” आणि खोडरबर त्याच्या हातात देऊन, त्याचा पंजा आपल्या पंजात धरून तिने आधी एक काढून घेतला.